संधिवाताच्या फायलीत हृदयाचंही पान हवं

पुण्यात संधिवाताच्या डॉक्टरांकडे निघालेल्या बाईच्या पिशवीत हमखास एक जाडजूड फाइल असते. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर या संधिवातासाठीच्या रक्ताच्या तपासण्या, मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध चालू आहे म्हणून वरचेवर केलेल्या लिव्हरच्या तपासण्या, सगळं तारीखवार लावलेलं. त्यातच कोलेस्टेरॉलचा एखादा रिपोर्ट असतो. समजा त्यात एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, ८५ आलंय, म्हणजे छान कमी. घरचे म्हणतात, "चला, हार्टचं तरी टेन्शन नाही." फसगत होते ती इथेच.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला सगळे 'आरए' म्हणतात, तो सांध्यांपुरता आजार नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि तिथे सतत दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, चालू राहतो. हा दाह पेटता ठेवणारी टीएनएफ, आयएल-६ अशी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तरालाही सोडत नाहीत. दाह जोरात असतो तेव्हा रक्तातलं एलडीएल उलट कमी झालेलं दिसतं, आणि 'चांगलं' म्हणवलं जाणारं एचडीएलसुद्धा आपलं काम नीट करत नाही. औषधांनी आजार आटोक्यात आला की कोलेस्टेरॉलचे आकडे थोडे चढतात, तेव्हा रुग्ण घाबरतात. खरं तर धोका जास्त होता तो आधी, आकडे छान दिसत होते तेव्हा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना म्हणूनच सांगते, की वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरेंवरून हृदयविकाराची जी जोखीम निघते, तिला आरएच्या रुग्णांसाठी १.५ ने गुणा.

आता हार्मोन्सचा भाग. तो फार कमी बोलला जातो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रौढांमध्ये दर हजारी साधारण पाच जणांना आरए असल्याचं तिच्यात दिसलं. जगभरात बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, आणि पुष्कळ जणींना तो चाळिशी-पन्नाशीच्या आसपास गाठतो. नेमकं तेच वय, जेव्हा पाळी मागेपुढे व्हायला लागते आणि इस्ट्रोजेन ओसरायला लागतं.

इस्ट्रोजेन असेपर्यंत रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड चांगलं तयार करतं, वाहिन्या लवचीक राहतात. पाळी गेल्यावर हे संरक्षण कमी होतं, एलडीएल चढतं, पोटावर चरबी साठते. कोणत्याही बाईच्या हृदयाला हा बदल सोसावा लागतो. आरए असलेल्या बाईला तो आधीच दाहाने शिणलेल्या रक्तवाहिन्यांनिशी सोसावा लागतो. त्यात भारतीय बायकांची पाळी पाश्चात्त्य बायकांपेक्षा काही वर्षं लवकर, सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली असतील तर इस्ट्रोजेन हळूहळू न ओसरता एकदम तुटतं. पंचेचाळिशीच्या आत पाळी जाणं हे हृदयविकाराच्या दृष्टीने धोक्याचं मानलं जातं. तरीही 'तुमची पाळी कधी गेली?' हा प्रश्न सांध्यांच्या तपासणीत क्वचितच निघतो, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आरएचा विषय क्वचितच निघतो. एकच बाई दोन फायलींत वाटली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या घ्याव्यात का? हृदय वाचवण्यासाठी म्हणून नाही. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांचा भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसले. त्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्टच्या घरात होतं. पाळी नुकतीच गेलेल्यांचं गणित वेगळं असतं. अंगातून वाफा निघणं असह्य झालं असेल तर त्यासाठी गोळ्या घ्यायच्या का, हे प्रत्येकीचं स्वतंत्रपणे, डॉक्टरांशी बोलून ठरतं.

दुसरं हार्मोन कॉर्टिसॉल. आरएची सकाळ जवळून पाहिली की ते समजतं. साडेसहाला दूधवाल्याची बेल वाजते, पण मूठ वळत नाही. पातेलं एका हाताने धरवत नाही, दोन्ही तळव्यांत दाबून उचलावं लागतं. गॅसचं बटण फिरवायला अंगठा नकार देतो. नऊ-साडेनऊला तोच हात बऱ्यापैकी कणीक मळतो. पहाटे आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं चढलेली असतात. दाह आवरणारं कॉर्टिसॉलही पहाटे वाढतं, पण आरएमध्ये ते दाहाच्या मानाने अपुरं पडतं.

या नात्याचा शोध मोठा सुरेख आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांना दिसलं, की गरोदरपणात आणि काविळीत आरएचं दुखणं अचानक कमी होतं. म्हणजे शरीरातच तयार होणारं एखादं द्रव्य सांधे सोडवत असणार, असा त्यांनी तर्क केला. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी एका २९ वर्षांच्या रुग्ण बाईला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच जवळचं भावंड, टोचलं. जिला धड हलता येत नव्हतं, ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण हेच औषध मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षं घेतलं की साखर, रक्तदाब, वजन वाढतं आणि हृदयावर भार येतो. म्हणून आता डॉक्टर प्रेडनिसोलोन हे त्याच जातीचं स्टेरॉइड शक्य तितकं कमी आणि शक्य तितके कमी दिवस देतात. मला खरी काळजी वाटते ती नाव-गाव नसलेल्या पुड्यांची. 'चार दिवसांत फरक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. रुग्णाला वाटतं आपण जडीबुटी घेतोय. चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि कारण कुणालाच कळत नाही. अशी पुडी घेत असाल तर डॉक्टरांना दाखवा, मनाने एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी सुस्तावतात, आणि ते अचानक तोडणं जिवावर बेतू शकतं.

चरबीसुद्धा हार्मोन्स तयार करते, म्हणून ती किती आहे हे महत्त्वाचं. आणि ती नुसत्या वजनावरून कळत नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आरएमध्ये हा प्रकार आणखी वाढतो. दाहामुळे आणि कमी हालचालीमुळे स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते, वजनाचा काटा तिथेच राहतो. म्हणून वजनापेक्षा कंबरेचा घेर मोजणं जास्त उपयोगाचं.

थायरॉइड थोडक्यात सांगते. आरएबरोबर तो मंदावलेला आढळणं नेहमीचं आहे, आणि मंद थायरॉइड कोलेस्टेरॉल वाढवतो. वर्षातून एकदा टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यायला फार खर्च येत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आरएच्या रुग्णांना हार्ट अटॅक येण्याआधी छातीत दुखतंच असं नाही. कित्येकांचा अटॅक नंतर ईसीजी काढल्यावरच लक्षात येतो. याचं एक कारण साधं आहे. पूर्वी पर्वतीच्या पायऱ्या चढणारी बाई गुडघ्यांमुळे त्या सोडून देते. हृदयावर ताण पडेल असं काही ती करतच नाही, मग ते तक्रार कधी करणार? धाप लागली, थकवा आला, जबडा किंवा खांदा दुखला, की सगळं आरएच्या खात्यावर जमा होतं. वेदनाशामक गोळ्याही असतातच. डायक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्या रोज घेणं हृदयाला बाधू शकतं, आणि त्या तर केमिस्टकडे सहज मागून मिळतात.

दाह आटोक्यात ठेवणं हाच हृदयाचाही मोठा उपचार आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी नियमित घेणाऱ्या आरए रुग्णांमध्ये हृदयविकार कमी दिसतो, असं अनेक अभ्यासांत आढळलंय. 'आता बरं वाटतंय' म्हणून ती मनाने सोडू नका. तंबाखू कुठल्याही रूपात नको, मिश्रीसुद्धा नको. आणि पुढच्या वेळी फाइल उघडाल तेव्हा तिच्यात चार गोष्टी स्वतःच्या हाताने लिहून ठेवा: पाळी गेली ते वय, कंबरेचा घेर, घरी मोजलेला रक्तदाब आणि किती दिवस कितीचं स्टेरॉइड घेतलं ते. सांध्यांचे डॉक्टर असोत की हृदयाचे, ते पान त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "हे सगळं धरून माझ्या हृदयाची जोखीम किती?"