बर्फावर स्कीइंग, घरात आपला स्वयंपाक: हिवाळी सहल ठरवण्याआधी हे वाचा

नांदेड, परभणी, जालना, लातूर, संभाजीनगरहून जी मंडळी ‘बर्फात जायचंय’ म्हणून आमच्याकडे चौकशी करतात, त्यांना आम्ही आधी एकच विचारतो. बर्फ बघायचाय, की बर्फावर स्की चालवायला शिकायचंय? दोन्ही इच्छा चांगल्याच, पण त्यांच्या सहली वेगळ्या आखाव्या लागतात. हे पत्रक दुसऱ्या इच्छेसाठी आहे.

सहा दिवसांत चार गावं पाहणाऱ्या सहलीत स्कीइंग म्हणजे तासाभराची गोष्ट असते. भाड्याची स्की पायात, कुणीतरी हात धरून दहा पावलं ओढतो, फोटो निघतो आणि गाडी पुढच्या गावाला लागते. त्यात शिकणं होत नाही. पहिला दिवस जड बुटांत उभं राहण्यात, पडण्यात आणि पडल्यावर न चिडता उठण्यात जातो. दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून वेग कसा कमी करायचा हे पायाला कळू लागतं. वळणं त्यानंतर. सलग चार-पाच दिवस त्याच उतारावर, त्याच प्रशिक्षकाबरोबर काढले तरच हे जमतं. म्हणून आमचा आग्रह असा: एकच गाव, किमान आठवडाभर मुक्काम, आणि हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर.

कुठं जावं

देशात सर्वांत भरवशाचा बर्फ गुलमर्गला. गाव सुमारे 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) दोन टप्प्यांत तुम्हाला अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, 3,900 मीटरच्याही वर नेतो. तो वरचा भाग तयार स्कीपटूंचा. नवख्यांनी खालच्या मऊ उतारावरच राहावं. अडचण अशी की गुलमर्गात बहुतेक हॉटेलंच आहेत. स्वयंपाकघराचं घर हवं असेल तर 13 किलोमीटर खाली टंगमर्गला राहून रोज वर जावं लागतं. आणखी एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं.

उत्तराखंडातल्या औलीचे उतार शिकणाऱ्यांना फार चांगले, समोर नंदादेवी दिसते, आणि गढवाल मंडल विकास निगमाचे 7 व 14 दिवसांचे वर्ग तिथं भरत आले आहेत. पण जानेवारी 2023 मध्ये जोशीमठात जमीन खचली आणि जोशीमठ-औली रोपवे बंद पडला. त्यामुळे सारी भिस्त रस्त्यावर.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला आम्ही मनाली सुचवतो. सोलंगचा उतार मनालीपासून 13-14 किलोमीटरवर आहे. वाटेत पलचान, बुरुवा अशा गावांत घरगुती निवास मिळतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर असतं. सोलंगला गुलमर्गाइतका बर्फ पडत नाही आणि एखाद्या वर्षी तो उशिरा येतो, हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. त्यासाठी तारखा नीट धराव्या लागतात.

केव्हा जावं

दिवाळीच्या सुट्टीत स्कीइंगजोगा बर्फ नसतो. नाताळात गर्दी फार आणि बर्फाची खात्री कमी. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, हा आमच्या मते उत्तम काळ. संक्रांत झालेली असते, तूर घरात आलेली असते, ज्वारीच्या काढणीला अजून अवकाश असतो. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर मात्र ते वर्ष सोडून द्या.

घर घेताना

परभणीत पारा सात-आठ अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. मनालीत जानेवारीच्या रात्री तो शून्याच्या खाली जातो. त्यामुळे घर बघताना खिडकीतल्या देखाव्यापेक्षा पाणी, गॅस आणि ऊब आधी विचारावी. नळातलं पाणी रात्री गोठतं, सकाळचा चहा-स्वयंपाक अडायला नको म्हणून निजण्याआधी दोन बादल्या भरून आत ठेवा. सिलिंडर भरलेला असूनही थंडीत ज्योत बारीक होते, कारण आतला द्रव गॅस नीट वायू होत नाही. त्याला हीटरजवळ नेऊन किंवा गरम पाणी ओतून तापवू नका. घरमालकाला सांगून तो आडोशाला, वारा खेळेल अशा जागी ठेवून घ्या.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. धुराडं असलेला तंदूर (खोली तापवायची शेगडी) असेल तरी झोपण्याआधी विझवा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. थंडी वाजली तर आणखी एक रजाई घ्या.

स्वयंपाक

डाळ शिजत नाही, ही उंचावरची पहिली तक्रार. संभाजीनगरला पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, मनालीला 93 च्या जवळपास. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कणी राहते. कुकर लागतोच, आणि नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. प्रत्येक घरात मोठा कुकर, लोखंडी तवा आणि परात आहे का, हे आम्ही ठरवण्याआधी मालकाला विचारून घेतो.

बटाटे, फ्लॉवर, मटार, राजमा, तांदूळ, कणीक, दूध, अंडी मनालीच्या बाजारात मिळतात. ज्वारीचं पीठ सहजी मिळत नाही, ते इथून न्या आणि निघायच्या आदल्या दिवशीच दळून घ्या. जुन्या पिठाची विरी जाते, मग थंड ओट्यावर भाकरी थापताना कडा फाटतात. उकळत्या पाण्यात पीठ भिजवून गरम असतानाच मळलं तर आठवड्याच्या शेवटापर्यंत भाकरी धड होते. सोबत येसर (भाजलेलं धान्य, डाळी आणि मसाल्यांचं पीठ), शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी, गूळ आणि करडईचं तेल घ्या. येसर असली की दिवसभर उतारावरून दमून आलेल्या घराला वीस मिनिटांत गरम आमटी मिळते, त्यासाठी वेगळं वाटण करावं लागत नाही. पहिल्या दिवसांसाठी धपाटे बांधून न्या, स्वयंपाकाची घडी बसेपर्यंत उपयोगी पडतात. बर्फ पडला की दुकानं उशिरा उघडतात, म्हणून घरात दोन दिवसांचं सामान कायम ठेवा. स्वयंपाक एकट्या आईवर किंवा सुनेवर टाकू नका. तीही शिकायलाच आलेली आहे. पाळ्या इथूनच लावून निघा.

उतारावर

स्की, बूट आणि काठ्या भाड्यानं मिळतात, विकत घेऊ नका. जीन्स नको, ती भिजते आणि मग गोठते. पाणी न शिरणारी पँट, हातमोजे, गॉगल आणि हेल्मेट हवंच. बुटात मोज्यांचा एकच जोड घाला. दोन घातले की पाय दबतो, रक्त खेळत नाही आणि उलट जास्त गार पडतो. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका आणि हनुवटीच्या खालीसुद्धा सनस्क्रीन लावा. निघायच्या महिनाभर आधीपासून रोज बैठका मारा, मांड्या आणि गुडघे तयार असले तर पहिला दिवस सोपा जातो. पोचल्याच्या दिवशी मात्र विश्रांतीच घ्या. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रवास विम्यात स्कीइंग धरलंय का, तेही वाचून बघा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

प्रवास

नांदेडहून निघणारी सचखंड एक्सप्रेस परभणी, जालना, संभाजीनगर घेत दुसऱ्या दिवशी दिल्लीला आणि पुढे अंबाल्याला जाते. वाटेत काही स्थानकांवर लंगर मिळतो, ताटली-वाटी हाताशी ठेवा. अंबाल्याहून गाडीनं किंवा दिल्लीहून रात्रीच्या बसनं मनाली. रेल्वेत गॅस सिलिंडर, स्टोव्ह, रॉकेल न्यायला बंदी आहे, छोटा सिलिंडरही नको. परतीचं तिकीट एक दिवस राखून काढा, बर्फानं रस्ता अडला तर गाडी चुकत नाही.

नाव नोंदवताना प्रत्येकाचं वय, उंची, वजन आणि बुटाचा नंबर लिहून द्या. स्कीची लांबी आणि बुटांची पकड त्यावरून ठरते, आणि वजन संकोचून कमी सांगितलं तर उतरतानाच बूट स्कीवरून वेळेआधी सुटतो. घरात भाकरी किती जण खातात, पोळी किती जण, तेही कळवा. तवे त्या हिशेबानं मागवतो.