नव्वद सेकंद थांबून लिनक्स अडतो तेव्हा

लिनक्स सुरू होता होता मध्येच अडतो. काळ्या पडद्यावर कुठल्याशा डिस्कची वाट पाहत असल्याची ओळ, शेजारी सरकणारे सेकंद, आणि दीड मिनिट भरलं की थेट 'इमर्जन्सी मोड', म्हणजे फक्त दुरुस्तीपुरती उघडणारी आदेशांची स्क्रीन. डिस्क गेली असं समजून अनेक जण लगेच सगळी सिस्टिम नव्याने टाकायला बसतात. कृपा करून एवढी घाई करू नका. पुष्कळदा डेटा जागच्या जागी शाबूत असतो आणि चूक असते ती एका छोट्याशा फाइलमधल्या एका ओळीत.

ती फाइल म्हणजे ईटीसी फोल्डरमधली 'एफएसटॅब'. कोणतं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कोणता भाग, कोणत्या फोल्डरवर जोडायचं, म्हणजे माउंट करायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. सुरू होताना 'सिस्टिमडी' (लिनक्सच्या सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ही यादी वाचतो आणि न सापडलेल्या पार्टिशनसाठी 90 सेकंद थांबतो. यादीतलं पार्टिशन नसताना पुढे जाणं तो धोक्याचं मानतो. स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) मात्र सापडला नाही, तर वाट पाहून तो पुढे निघतो.

पण कालपर्यंत सापडणारं पार्टिशन आज कुठे जातं? एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतात. नवी डिस्क लावली की ती बदलू शकतात. म्हणून यादीत यूयूआयडी लिहितात. हा सहसा 128 बिटांचा ओळख क्रमांक. खरी मेख इथेच आहे: हा क्रमांक डिस्कचा नसतो, तिच्यावरच्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे फाइली मांडून ठेवण्याच्या रचनेचा असतो. पार्टिशन फॉरमॅट केलं की नवा क्रमांक मिळतो, यादीत मात्र जुनाच राहतो. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. आठवड्याने मशीन रीस्टार्ट केलं की गाडी अडते, आणि तोवर फॉरमॅट केल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड द्या. 'जर्नलसीटीएल' हा आदेश लॉग, म्हणजे सिस्टिमच्या घडामोडींची नोंद दाखवतो; त्यात कोणतं माउंट फसलं ते दिसतं. 'बीएलकेआयडी' हा आदेश खरे यूयूआयडी दाखवतो. ते यादीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फाइल सेव्ह होत नसेल, तर रूट पार्टिशन (जिथे सिस्टिम असते ते) 'रीड-ओन्ली', म्हणजे फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं असेल. ते आधी 'रीड-राइट' करून पुन्हा माउंट करा. काढ-घाल होणाऱ्या बाहेरच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय घाला, म्हणजे ती नसली तरी मशीन अडणार नाही.

क्रमांक जुळूनही 'बॅड सुपरब्लॉक' (सुपरब्लॉक म्हणजे फाइल सिस्टिमची मूळ माहिती ठेवणारा भाग) असा संदेश आला, तर मात्र फाइल सिस्टिमलाच इजा झालेली असू शकते. ईएक्सटी4 ही लिनक्सवरची नेहमीची फाइल सिस्टिम सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर इतरत्र जपून ठेवते, त्यावरून 'एफएससीके' हा तपासणीचा आदेश दुरुस्ती करू शकतो. माउंट असलेल्या पार्टिशनवर तो कधीही चालवू नका. आणि लॉगमध्ये 'आय-ओ एरर' (डिस्कवर वाचता-लिहिता न आल्याची चूक) वारंवार दिसत असेल, तर दुरुस्तीला हातही लावू नका. आधी त्या डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.