खारट जमिनीतला कार्बन: नमुना आणण्याआधी हे वाचा

आपली बडोद्याची विश्वामित्री पुढे ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात उतरते. त्या बाजूला, भरूच जिल्ह्यातल्या जंबुसर-वागऱ्याकडे, मातीचा रंग काळाच राहतो, पण उन्हाळा लागला की वर पांढरी पापडी धरते. बडोद्यात राहणारे आणि तिकडे किंवा कच्छात जमीन असलेले बरेच ग्राहक सध्या आमच्या प्रयोगशाळेत एकच प्रश्न घेऊन येतात: "पीक तर येत नाही. झुडपं लावली तर कार्बनचे पैसे मिळतील का?" केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट (हवेतून कमी केलेल्या कार्बनची विकता येणारी नोंद) व्यापार योजना अधिसूचित केल्यापासून हा प्रश्न वाढला आहे.

प्रश्न योग्य आहे. देशातली सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे आणि त्यातली २२ लाख हेक्टर एकट्या गुजरातेत. तिचा काही उपयोग व्हावा असं आम्हालाही मनापासून वाटतं. पण खारट मातीचा कार्बन मोजताना आकडा फुगायला फार वेळ लागत नाही, आणि फुगलेल्या आकड्यावर केलेला करार शेवटी जमीनमालकाच्याच अंगाशी येतो. म्हणून हे पत्रक.

कार्बन असतो कुठे

पीलू (तिकडे याला खारी जार म्हणतात), झाऊ, लाणो, नेपती ही झुडपं दिसायला खुरटी. पण त्यांचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो; कोरड्या प्रदेशातल्या झुडपांची मुळं पुष्कळदा वरच्या फांद्यांच्या तोडीची किंवा त्याहून जड भरतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. पाला गळतो, वाऱ्याने आलेली बारीक माती बुंध्याशी अडते, सावलीत ओल टिकते, आणि झुडपाखाली काळसर, भुसभुशीत मातीचं एक बेटच तयार होतं. दोन पावलं बाहेर आलात की पुन्हा उघडी, कडक जमीन.

आमच्याकडे येणारे निम्मे नमुने याच ठिकाणी चुकतात. उन्हात उभं राहून खणायला नको म्हणून माणूस सावलीत खणतो. समजा झुडपाखाली सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन) ०.५ टक्के आहे, मोकळ्या जागेत ०.२ टक्के, आणि झुडपांनी जमिनीचा पाचवा हिस्सा झाकला आहे. मग शेताची खरी सरासरी ०.२६ टक्के. फक्त सावलीतली माती आणलीत तर अहवालात जवळजवळ दुप्पट आकडा येईल, आणि आमची मोजणी मात्र अगदी बरोबर असेल! म्हणून दोन्ही जागांचे नमुने वेगळे आणा, वेगळ्या चिठ्ठ्या लावून.

मिठाने होणारी फसगत

सेंद्रिय कर्ब मोजण्याची नेहमीची रीत अशी: चाळलेली माती चंचुपात्रात घ्यायची, केशरी डायक्रोमेट (कर्बाला जाळणारं रसायन) घालायचं, वरून तीव्र गंधकाम्ल. मिश्रण तापतं, अर्धा तास ठेवायचं. कर्ब जितका जास्त तितकं डायक्रोमेट खर्च होतं आणि केशरी रंग हिरवटाकडे झुकतो. अडचण एवढीच की डायक्रोमेट मिठातल्या क्लोराइडवरही खर्च होतं. मातीत १.२ टक्के क्लोराइड असेल तर सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने जास्त दिसतो.

०.१ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ३० सेंटिमीटर खोलीची, दर घन सेंटिमीटरला १.४ ग्रॅम घनतेची माती धरली, तर हेक्टरी ४.२ टन कार्बन वाढून येतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये मांडायचा तर ३.६७ ने गुणा: सुमारे १५ टन. झाड एकही लावलेलं नाही आणि १५ टन कागदावर!

जंबुसरकडचे एक काका असाच अहवाल घेऊन आले होते. पडीक, पापडी धरलेली जमीन, आणि कर्ब बागायती शेताला शोभेल असा. त्यांनी त्या आकड्यावर बोलणीही सुरू केली होती. आम्ही त्याच मातीची क्लोराइड वजा करून पुन्हा मोजणी केली तेव्हा त्यांचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून विद्युतवाहकता (मातीतल्या क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की आम्ही आम्लात क्लोराइडला अडवणारं सिल्व्हर सल्फेट घालूनच मोजतो. चांदीचं रसायन असल्यामुळे या चाचणीचा दर थोडा जास्त आहे. तो का, हे आता लक्षात येईल.

चुनखडी वेगळ्या रकान्यात

मातीतला पांढरा खडा उचलून त्यावर आम्लाचा थेंब सोडा, फसफसून येतो. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, खड्यात अडकलेला कार्बन. कोरड्या प्रदेशात असा कार्बन सेंद्रिय कर्बाहून पुष्कळदा जास्त भरतो. पण तो तुमच्या झुडपांनी साठवलेला नाही. शिवाय पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटपासून चुनखडी बनते तेव्हा एक वाटा खड्यात जातो आणि तेवढाच वाटा वायू होऊन परत हवेत. मातीचा नुसता एकूण कार्बन दाखवणारा अहवाल कोणी दिला, तर त्यात चुनखडी धरली आहे का, हे आधी विचारा. आम्ही ती वेगळी दाखवतो, बेरजेत घेत नाही.

खारट-चोपण माती रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, हेही कोणी सांगेल. खरं आहे, शोषते. पण माती तापली की त्यातला बराचसा दिवसा परत सोडते. एका रात्रीच्या मोजणीला ३६५ ने गुणून आलेल्या आकड्यावर सही करू नका.

लावायचं काय

खारट काळ्या जमिनीसाठी आमचं मत पीलूच्या बाजूने आहे. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या भरूचच्या प्रादेशिक केंद्राने त्यावर काम केलेलं आहे, आणि बियांच्या तेलाचा साबणासाठी उपयोग होतो. वाढ सावकाश होते, एवढी तयारी ठेवा. वेडी बाभूळ झपाट्याने वाढते म्हणून मोह होईल, पण कच्छच्या रणाचा पसारा रोखायला लावलेल्या त्या झाडाने तिथल्या बन्नी कुरणाच्या गवताचं काय केलं ते तिथल्या मालधाऱ्यांना, म्हणजे गुराख्यांना, विचारा. आणि मुळात चांगलं गवत असेल तर ते नांगरून झुडपं लावू नका. नांगरलेल्या मातीतून आहे तो कर्बही उडून जातो.

नमुना कसा आणावा

०–१५, १५–३० आणि ३०–६० सेंटिमीटर, तिन्ही थर वेगळे. वरची पांढरी पापडी खरवडून स्वतंत्र पुडीत. कापडी पिशवी घ्या, खताची रिकामी गोणी नको. माती सावलीत वाळवा. काळ्या जमिनीच्या भेगेत हात घालून माती काढू नका, वरची माती भेगेतून खाली गेलेली असते. घनतेसाठी लोखंडी कडं आमच्याकडून न्या, अनामत रक्कम कडं परत केल्यावर मिळेल.

क्षार उन्हाळ्यात वर येतात आणि पावसाने खाली उतरतात, म्हणून पहिला नमुना ज्या महिन्यात घेतलात त्याच महिन्यात पुढचा. तोही पाच वर्षांनी. त्याआधीचा फरक आम्ही खात्रीने सांगू शकत नाही आणि तसा अहवालही देत नाही. खणलेल्या जागांना खुंट्या ठोकून ठेवा. त्यांचा नकाशा आमच्या फाइलमध्ये राहील.