टपाली मतदान आणि मुंबई महानगरपालिका निवडणूक

मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर जाऊ न शकणाऱ्या मतदाराने छापील मतपत्रिकेवर आधीच मत नोंदवायचे आणि ती बंद लिफाफ्यातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवायची, या पद्धतीला टपाली मतदान म्हणतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत ही सोय मुख्यतः निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांपुरती आहे. बाकीच्या मुंबईकरांना आगाऊ मत देता येत नाही. दिवस ठरलेला, केंद्र ठरलेले, आणि मतदाराला स्वतः तिथे जावे लागते. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात 2000 पासून जवळपास सगळे मतदान टपालाने होते, आणि इतर अनेक राज्यांत मतदानाच्या दिवसाआधी बरेच दिवस केंद्रे खुली असतात. न्यू जर्सीतल्या भाच्याने घरबसल्या मत दिल्याचे ऐकले की दादरच्या मावशीला वाटते, आपल्याकडेही असेच असेल. मतदानाच्या आदल्या आठवड्यात अशी चौकशी करणाऱ्यांची निराशा होते, म्हणून ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी.

दोन आयोग, दोन नियम

गोंधळाचे मूळ असे की निवडणूक घेणाऱ्या यंत्रणा दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. पालिकेची निवडणूक 74 व्या घटनादुरुस्तीनंतर राज्य निवडणूक आयोगाकडे आली. महाराष्ट्रात हा आयोग 1994 मध्ये स्थापन झाला, आणि मुंबईपुरता आधार 1888 चा महापालिका कायदा आहे. मतदार यादी मूळ एकच असते, ती प्रभागवार फोडून वापरली जाते. केंद्र पुष्कळदा त्याच शाळेत असते आणि यंत्रही तसेच दिसते. त्यामुळे विधानसभेला मिळालेली सवलत पालिकेलाही मिळणार, असे लोक धरून चालतात.

सर्वांत जास्त चटका बसतो तो घरून मतदानाच्या बाबतीत. 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत 85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आले. त्यासाठी 12-डी हा अर्ज अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागे. मग दोन कर्मचारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक घरी येई. पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून आजी-आजोबा त्यामागे मतपत्रिकेवर खूण करत. लालबाग-परळच्या जुन्या चाळींत, तिसऱ्या मजल्याच्या लाकडी जिन्याने वर्षानुवर्षे खाली न उतरलेल्या कितीतरी माणसांना यामुळे पुन्हा मत देता आले. जानेवारी 2026 च्या पालिका निवडणुकीत ही सोय नव्हती. केंद्रावर ज्येष्ठांना, दिव्यांगांना आणि तान्ह्या बाळाच्या आईला रांगेत प्राधान्य मिळाले, पण केंद्रापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी त्यांच्यावर आणि घरच्यांवरच राहिली. नळाचे पाणी, दवाखाना, गल्लीतला दिवा या गोष्टींशी ज्या म्हाताऱ्या माणसाचा रोजचा संबंध आहे, त्यालाच नगरसेवक निवडण्याच्या वेळी घरी बसावे लागते. ही उणीव राज्य निवडणूक आयोगाच्या पातळीवर दूर व्हायला हवी, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे.

ड्यूटीवरच्या मतदाराचे मत

15 जानेवारी 2026 रोजी मुंबईत 227 प्रभागांसाठी मतदान झाले. मतदार सुमारे 1 कोटी 3 लाख आणि केंद्रे दहा हजारांहून अधिक होती. एवढा पसारा सांभाळायला हजारो माणसे लागतात, आणि त्यांत शिक्षक, पालिकेचे कारकून, सरकारी कार्यालयांतले शिपाई, पोलीस असे सगळे असतात. दहिसरला राहणाऱ्या शिक्षिकेला मुलुंडच्या केंद्रावर ड्यूटी लागली की तिचे स्वतःचे केंद्र त्या दिवशी तिच्या आवाक्याबाहेर जाते. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचे, पहाटे यंत्राची चाचणी म्हणून अभिरूप मतदान करायचे, संध्याकाळी यंत्रे सील करून जमा करायची. यातून मत द्यायला वेळ निघत नाही. टपाली मतपत्रिका आहे ती तिच्यासाठी.

नेमणुकीचा आदेश हातात पडला की पहिले काम अर्जाचे. अर्जावर यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक लागतो. अर्ज जातो तो आपले नाव ज्या प्रभागात आहे तिथल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे. ड्यूटी जिथे लागली आहे तिथल्या अधिकाऱ्याकडे तो देऊन उपयोग नाही. ही चूक सर्रास होते, कारण प्रशिक्षण ड्यूटीच्या ठिकाणी असते आणि माणूस तिथल्याच टेबलावर कागद देऊन मोकळा होतो.

दुसरी अडचण खास या महानगराची. मुंबईत नोकरी करणारे असंख्य कर्मचारी ठाणे, डोंबिवली, वसई, पनवेल इथे राहतात, आणि जानेवारी 2026 मध्ये राज्यातील 29 महानगरपालिकांचे मतदान एकाच दिवशी होते. डोंबिवलीकर कर्मचारी मुंबईत ड्यूटीवर असला, तरी त्याचे मत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचे. म्हणजे अर्जही तिकडेच. शिवाय मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, तर शेजारच्या शहरांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत. तिथल्या मतदाराला एका मताऐवजी तीन किंवा चार मते द्यायची असतात.

टपाली मतदानाचे ठरलेले साहित्य म्हणजे मतपत्रिका, घोषणापत्र, आतला लहान लिफाफा ‘अ’ आणि बाहेरचा मोठा लिफाफा ‘ब’. खूण केलेली मतपत्रिका ‘अ’ मध्ये जाते आणि तो चिकटवला जातो. घोषणापत्रावर मतदाराची सही, मतपत्रिकेचा क्रमांक आणि राजपत्रित किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. बंद ‘अ’ लिफाफा आणि घोषणापत्र हे दोन्ही, एकमेकांपासून सुटे, ‘ब’ मध्ये ठेवायचे. घाईत घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर ‘अ’ मध्ये गेले, की मोजणीच्या टेबलावर ‘ब’ उघडल्यावर ते सापडत नाही. मग ‘अ’ उघडलाच जात नाही आणि मत बाद होते. क्रमांक जुळला नाही, साक्षांकन राहिले, मतपत्रिकेवर नाव किंवा सही केली, दोन उमेदवारांपुढे खूण झाली, तरी मत जातेच. दुसऱ्यांना मतदान शिकवणाऱ्यांचीच मते अशी वाया जावीत याचे फार वाईट वाटते. प्रशिक्षण वर्गात यंत्राच्या जोडणीवर दोन तास जातात, तिथे लिफाफ्यांसाठी दहा मिनिटे ठेवली तरी पुष्कळ मते वाचतील.

नावात ‘टपाल’ असले तरी पोस्टाच्या पेटीवर विसंबणे धोक्याचे. मोजणी सुरू होण्यापूर्वी मत पोहोचावे लागते. 2026 मध्ये मतदान 15 जानेवारीला झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला मोजणी सुरू झाली. मधल्या रात्रीत कुठला पोस्टमन लिफाफा नेऊन देणार? म्हणून जाणते कर्मचारी प्रशिक्षणाच्या वेळीच मत देऊन लिफाफा तिथल्या पेटीत टाकतात. लोकसभा-विधानसभेसाठी तर 2023 च्या नियमबदलानंतर ड्यूटीवरच्या मतदाराने मतपत्रिका सुविधा केंद्रातच घ्यायची आणि तिथेच मत नोंदवून परत द्यायची, असे ठरले आहे.

या लिफाफ्यांचे मोल मुंबईने 2024 मध्ये पाहिले. लोकसभेच्या वायव्य मुंबई मतदारसंघात यंत्रांवरील मोजणीत अमोल कीर्तिकर यांना 4,51,095 आणि रवींद्र वायकर यांना 4,51,094 मते होती. फरक एका मताचा. टपाली मते कीर्तिकर यांना 1,501 आणि वायकर यांना 1,550 मिळाली, आणि वायकर 48 मतांनी निवडून आले. पालिकेचा प्रभाग तर लोकसभेच्या मानाने चिमुकला, सरासरी 45 हजार मतदारांचा. 2017 मध्ये गिरगावच्या 220 क्रमांकाच्या प्रभागात अतुल शाह आणि सुरेंद्र बागलकर यांना समसमान, 5,946 मते पडली. फेरमोजणीनंतरही बरोबरी सुटली नाही. शेवटी चिठ्ठी काढून शाह विजयी ठरले.

बाकीच्यांची आगाऊ तयारी

ज्यांना टपाली मतपत्रिका नाही, त्यांनी आधी करण्यासारखे काम यादीचे आहे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याच्याही आधीचे आहे. जानेवारी 2026 च्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची विधानसभा मतदार यादी धरली गेली, म्हणजे साडेसहा महिने आधीची. त्यानंतर नाव नोंदवणाऱ्याला पालिकेसाठी मत नव्हते. नव्या नोंदणीसाठी 6 क्रमांकाचा आणि पत्ता बदलण्यासाठी 8 क्रमांकाचा अर्ज वर्षभर घेतात. म्हणून घर बदलले की गॅसच्या जोडणीबरोबर हेही उरकून टाकावे.

पुनर्विकासातली माणसे इथे हमखास अडकतात. चाळ पाडली, बिऱ्हाड संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत गेले, पण नाव जुन्या पत्त्यावर राहिले. गिरगावचा मतदार मालाडला राहतो आणि त्या दिवशी सहकुटुंब लोकलने गिरगावात येऊन मत देतो. असे करणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांची कळकळ खरी आहे. पण कुटुंबातल्या एखाद्याचे नाव नव्या पत्त्यावरही लागलेले असते. अशा संभाव्य दुबार नावांपुढे 2026 च्या यादीत दोन तारांकित खुणा होत्या. आपण कुठे मत देणार हे आधी न कळवलेल्या मतदाराकडून केंद्रावर हमीपत्र घेण्याची सूचना होती. नाव शोधताना ही खूणही पाहावी, म्हणजे केंद्रावर वाद होत नाही. प्रारूप यादीवर हरकत घेण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते. या मुदतीत पालिकेच्या विभाग कार्यालयात एक खेप घालणे नंतरच्या सगळ्या धावपळीपेक्षा सोपे.

मतदानाच्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आणि ज्यांना सुट्टी देणे शक्य नाही त्यांना दोन-तीन तासांची सवलत देण्याचे शासनाचे आदेश निघतात. मोटरमन, बेस्टचे चालक, परिचारिका, सुरक्षारक्षक, हॉटेलातले कामगार यांनी पाळीची अदलाबदल आठवडाभर आधी ठरवली तरच ती सवलत हाती लागते. 2026 ची वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच होती, विधानसभेपेक्षा दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या तासाने आवरलेली. रात्रपाळी संपवून येणाऱ्याने घरी जाऊन झोपण्याआधीच मत द्यावे, कारण दुपारी उठून जाऊ म्हणणारा बहुधा जात नाही. 2017 मध्ये साडेपंचावन्न टक्के आणि 2026 मध्ये सुमारे 53 टक्के मतदान झाले.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्याला मात्र प्रवासाशिवाय मार्ग नाही. परदेशी राहणाऱ्या नोंदणीकृत भारतीय नागरिकालाही प्रत्यक्षच यावे लागते. भारत निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना 2022 च्या अखेरीस जाहीर केला होता, पण तो प्रत्यक्ष मतदानात आलेला नाही. तेव्हा तारीख जाहीर झाल्या दिवशी तिकीट काढणे हेच बेंगळुरूच्या मुंबईकराचे आगाऊ मतदान. 2026 चा मतदानाचा दिवस मकर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी आला होता, आणि सणाला गावी गेलेल्यांना रातोरात परतीची गाडी धरावी लागली.

उशीर झालाच तर एक नियम लक्षात असावा. वेळ संपताना जे रांगेत आहेत त्या सर्वांना मत देता येते. दार बंद करण्याआधी कर्मचारी रांगेतल्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतो, आणि वाटप शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे येतो, म्हणजे मागाहून आलेल्याला रांगेत घुसता येत नाही. ती चिठ्ठी हातात असेपर्यंत, मग घड्याळात साडेसहा वाजले तरी, जागा सोडू नये.