उजवीकडे जायचंय? आधी डावीकडे वळा

जोडरस्त्यावरून महामार्गाच्या तोंडाशी आलेल्या चालकाकडे जरा पाहा. वाहनं डाव्या बाजूने चालतात आणि त्याला जायचंय उजवीकडे. तो उजवीकडे बघतो, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. दोन्हीकडे एकदम फट मिळेना, तेव्हा गाडी इंचाइंचाने पुढे सरकवतो आणि शेवटी वैतागून घुसतोच. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. तिच्या चालकाला हे दिसून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद धरले, तर 55 मीटर तिथेच संपले.

अभियंते अशा जागी संघर्षबिंदू मोजतात: दोन वाहनांचे मार्ग जिथे छेदतात, मिळतात किंवा फुटतात ते ठिकाण. साध्या चौकात असे 32 बिंदू भरतात. त्यांतले 16 छेदणारे. सर्वांत घातक हेच, कारण तिथे धडक दाराच्या बाजूने बसते, आणि दार व माणूस यांच्यात अंतर असतं जेमतेम वीतभर.

गोलचक्करात हे बिंदू 8 वर येतात, छेद एकही नाही. पण भरधाव महामार्गावर दर चौकात गोलचक्कर कुठून घालणार? तिथला उपाय उफराटा वाटतो. दुभाजकातला आरपार कट बंद करायचा. जोडरस्त्यावरच्याने डावीकडे वळायचं आणि काहीशे मीटर पुढे यू-टर्न घ्यायचा. बिंदू उरतात 14. मात्र यू-टर्नसाठी वेगळी लेन आणि ट्रक एका दमात फिरेल एवढी जागा हवीच, नाहीतर दुखणं फक्त पुढे सरकतं. ‘एवढा वळसा कशाला?’ ही तक्रार होतेच, आणि रात्री दोन वाजता, मोकळ्या रस्त्यावर, ती रास्तही असते.

खरी गंमत सिग्नलची. एकेका बाजूची वाहनं सोडायची प्रत्येक पाळी बदलताना पिवळा दिवा, मग सगळीकडे लाल, मग पहिल्या गाडीचं हलणं, यात काही सेकंद फुकट जातात. आरपार छेद गेला की पाळ्या दोनच उरतात. शिवाय जाणारी आणि येणारी वाहतूक एकमेकींपासून सुटते, जणू दोन एकेरी रस्तेच. मग दोन्हीकडचे सिग्नल आपापल्या ओळीने हिरवे ठेवता येतात, म्हणजे एका हिरव्यावर सुटलेल्या गाडीला पुढचाही हिरवाच मिळतो. एरवी एका दिशेचं जमवलं की दुसरीचं बिघडतं.

पादचारी बहुतेक आराखड्यांत शेवटी आठवतात. त्यांनाही हाच न्याय लागू पडतो: अर्धा रस्ता ओलांडायचा, दुभाजकात उभं राहायचं, मग उरलेला अर्धा. एका वेळी एकाच बाजूला बघायचं. त्यासाठी दुभाजक निदान सायकल किंवा बाबागाडी आडवी मावेल इतका रुंद हवा.