भाजणीचे वेळापत्रक (स्टोनवेअर, विद्युत भट्टी)

कच्चे किंवा ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) चढवलेले भांडे भट्टीत कोणत्या गतीने तापवायचे, कुठे थांबायचे, कुठवर न्यायचे आणि कसे निववायचे याचा आराखडा. बोलण्यात ‘फायरिंग शेड्यूल’. स्टोनवेअर म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या जातीची घट्ट, जवळजवळ पाणी न पिणारी भांडी. ती साधारण १,२०० ते १,३०० अंश सेल्सिअसला पक्की होतात. कुंभाराच्या आव्यात एवढी आच मिळत नाही. ठाणे व नवी मुंबईच्या दाट वस्तीत, वागळे इस्टेटसारख्या ठिकाणच्या गाळ्यात, धूर नसलेली विद्युत भट्टीच सोयीची पडते.

वेळापत्रक अंशांवरून न ठरवता शंकूवरून ठरवावे. शंकू म्हणजे भट्टीत मालाशेजारी ठेवायचा, ठरावीक आच लागली की मऊ होऊन वाकणारा छोटा सुळका. दूध आटते ते आच आणि वेळ या दोन्हींमुळे. मातीचेही तसेच आहे. ६ क्रमांकाचा ऑर्टन शंकू अखेरच्या टप्प्यात तासाला ६० अंश गतीने तापवल्यास सुमारे १,२२२ अंशांना वाकतो, १५० अंश गतीने नेल्यास सुमारे १,२४३ अंशांना. शंकूचे श्रेय सामान्यतः हेरमान झेगर (बर्लिन, १८८६) यांना दिले जाते. मात्र १८८२च्या सुमारास फ्रान्समधील सेव्र येथे लाउथ व फोग्ट यांनी तसे शंकू वापरल्याचे मानले जाते, आणि मातीच्या आकसण्यावरून उष्णता मोजण्याची जोसाया वेजवुड यांची युक्ती १७८२ची आहे. झेगर यांचे काम ही शोधापेक्षा सुव्यवस्थित मालिका मानणे अधिक योग्य वाटते. अमेरिकेतील एडवर्ड ऑर्टन यांचे शंकू १८९६पासूनचे. मालिका १ पासून सुरू झाली व कमी उष्णतेचे शंकू मागाहून जोडले गेले, म्हणून त्यांना ०१, ०२ असे उलटे क्रमांक मिळाले. ०६ आणि ६ यांत २०० अंशांहून अधिक अंतर आहे. ०६ची लाल माती चुकून ६ला गेली तर ती फळीवर वितळून बसते.

५७३ अंशांविषयी दोन मते आहेत. या उष्णतेला मातीतला क्वार्ट्झ स्फटिकरचना बदलून फुगतो, निवताना तेवढाच आकसतो. अनेक हस्तपुस्तिका चढतानाही येथे गती कमी करायला सांगतात. दुसरे मत असे की, चढताना माती सच्छिद्र असते आणि फुगवटा सामावून घेते; खरा धोका उतरताना, अंग काचेसारखे ताठ झाल्यावर असतो. हेच मत अधिक पटण्याजोगे आहे, पण रुंद थाळ्यांना दोन्ही वेळी सबुरी हवी, कारण त्यांची कड आणि मध्य एकदम तापत नाहीत. तडा गेलेले भांडे स्वतःच साक्ष देते: ग्लेझ भाजणीत चढताना गेलेल्या तड्याच्या कडांवर ग्लेझ गोलसर ओघळलेला असतो; उतरताना गेलेल्या तड्याची कड बोटाला धारदार लागते.

नेहमीची चाल: बिस्क (ग्लेझ चढवण्याआधीची पहिली भाजणी) शंकू ०६ ते ०४, ग्लेझ भाजणीला ६०० अंशांपर्यंत तासाला १०० ते १५०, पुढे थोडी जलद, शेवटच्या शंभर अंशांत ६०. माथ्यावर (सर्वांत वरच्या उष्णतेला) दहा-पंधरा मिनिटे थांबायचे असेल तर माथा थोडा खाली आणावा, कारण थांबण्यानेही शंकू वाकतो. मॅट व लोहयुक्त ग्लेझना सावकाश निववणे मानवते.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत जाड बुडाचे भांडे वरून सुकलेले दिसते, पण गालाला लावले की गार लागते. ते ओले असते. अशा मालाला बिस्कमध्ये ८० ते ९० अंशांवर काही तास ठेवावे. भट्टीच्या छिद्रापाशी धरलेल्या स्टीलच्या ताटलीवर वाफ धरेनाशी झाली की पुढे जावे. नाहीतर आतले पाणी वाफ होऊन भांडे फोडते.

विजेचा दाबही मोजावा. २३०ऐवजी २०७ व्होल्ट मिळाले, तर भट्टीची शक्ती १९ टक्के घटते आणि माथ्याजवळ चढण रखडते. म्हणून शेवटचा टप्पा संध्याकाळच्या एसीच्या वेळी न येता उत्तररात्री येईल असा हिशेब ठेवलेला बरा. मध्येच वीज गेली तर गडद काच लावून छिद्रातून शंकू पाहावेत: शंकू ६च्या भाजणीत ५ लोळलेला, ६ वाकून टोक बुडाला टेकलेले आणि ७ जेमतेम झुकलेला असेल, तर माल झाला. ६ ताठच असेल, तर भट्टी निवू देऊन पुन्हा लावता येते; बहुतेक स्टोनवेअर दुसरी भाजणी सोसते. शंकू मात्र नवे ठेवावेत, कारण एकदा तापलेला शंकू दुसऱ्यांदा भरवशाचा राहत नाही.