द बुक ऑफ लाफ्टर अँड फरगेटिंग (कादंबरी)

झेक लेखक मिलान कुंदेरा (१९२९–२०२३) याची कादंबरी. कुंदेरा मूळचा ब्रनोचा, १९७५ला फ्रान्सला गेला आणि तिथे बसून हे पुस्तक झेकमध्येच लिहिलं, पण आधी आलं ते फ्रेंच भाषांतर, १९७९ला. भाग सात, पात्रं वेगवेगळी, मध्येच लेखक स्वतः येऊन वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलायला लागतो, म्हणून ही कादंबरी की कथासंग्रह असा घोळ वाचणाऱ्याचा होतोच. कुंदेरा मात्र कादंबरीच म्हणायचा.

सगळीकडे कोट होतो तो सुरुवातीचा टोपीचा किस्सा. फेब्रुवारी १९४८, प्राग, बर्फ पडतोय, कम्युनिस्ट नेता गोटवाल्ड बाल्कनीत बोडक्याने उभा, शेजारी उभा असलेला त्याचा पक्षसहकारी क्लेमेंटिस आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घालतो. १९५२ला कम्युनिस्ट सरकारनेच क्लेमेंटिसला फाशी दिली, मग त्या प्रसंगाच्या फोटोतूनही त्याला उडवला, राहिली ती गोटवाल्डच्या डोक्यावरची टोपी. किस्सा भारी आहेच, पण त्याच्यामुळे लोक याला नुसतं राजकीय पुस्तक समजून मोकळे होतात. खरा जीव आहे तामिनाच्या गोष्टीत.

तामिना नवऱ्याबरोबर देश सोडून पळालेली, तेही सहलीला जातोय असं दाखवून, त्यामुळे सामान बेताचंच घेता आलं आणि तिच्या डायऱ्या सासूकडे राहिल्या. पुढे नवरा वारला. आता ती पश्चिम युरोपातल्या एका छोट्या गावात कॅफेत वेट्रेस आहे, जवळ त्याचा पासपोर्टचा फोटो तेवढा उरलाय आणि चेहरा पुसट होत चाललाय. मग ती काय करते, तर समोर कुठलाही पुरुष बसला की मनातल्या मनात त्याचं नाक, हनुवटी, कपाळ बदलत बदलत नवऱ्याचा चेहरा घडवू बघते. शिवाय तो आपल्याला लाडाने कायकाय हाका मारायचा, कुठल्या सुट्टीत कुठे गेलो होतो, हे एकेक जुळवत बसते. डायऱ्या आणून देतो म्हणणारे भेटतात, त्यातल्या ह्यूगोबरोबर ती नाइलाजाने झोपतेसुद्धा, पण डायऱ्या काही येत नाहीत. इथे फोटो पुसणारं कुठलंच सरकार नाही, माणूस आपलं आपणच विसरत चाललंय, आणि म्हणूनच हा भाग टोपीपेक्षा जास्त लागतो.

सहाव्या भागात ती नुसत्या मुलांच्या एका बेटावर जाऊन पोहोचते, जिथे मागचं कुणालाच काही आठवत नाही. तिथून पळताना बुडून मरते, मुलं होडीतून बघत राहतात.

पुस्तक आलं त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियाने कुंदेराचं नागरिकत्व काढून घेतलं. मूळ झेक आवृत्ती निघाली ती १९८१ला, टोरांटोतून.